दहा हातांचा रेणू: विज्ञान प्रदर्शनीच्या प्रकल्प नोंदी

१९ सप्टेंबर २०२४

विषय ठरला. फुलरीनपासून (म्हणजे कार्बनच्या अणूंच्या पोकळ गोळ्यापासून) बनवलेले, स्वतः उजेड देणारे द्रवस्फटिक, म्हणजे धड द्रव नाही आणि धड घनही नाही असा पदार्थ. मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "याच्यात चालतं काय?" चालत काहीच नाही म्हटल्यावर त्यांनी सही केली, पण पेन जरा जोरात टेकवून.

त्यांचंही चूक नाही. तालुक्याच्या प्रदर्शनीत परीक्षक टेबलासमोर मिनिटभर थांबतात. तेवढ्यात ज्वालामुखी फसफसला पाहिजे, सिरिंजांची जेसीबी हलली पाहिजे, नाहीतर ठिबकचं पाणी टपकलं पाहिजे. दारव्हा तालुक्यात मी सिरिंजांच्या इतक्या जेसीबी पाहिल्या आहेत की रस्त्यावर खरी दिसली तरी तिच्या सिरिंज शोधतो. यंदा रेणू दाखवायचा.

चमूत चौघं. सायकल दुकानदाराचा पोरगा (हात चांगला, वही वाईट), बचत गटाच्या अध्यक्ष काकूंची मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी पण हिशोबात पक्की अशी नववीचीच एक, आणि अकरावीचा एकजण, जो चित्रं काढतो आणि सगळ्यांवर साहेबकी करतो.

२४ सप्टेंबर

पहिली बैठक. फुलरीन म्हणजे काय, इथून सुरुवात. १९८५ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी हेलियमच्या झोतात ग्रॅफाइटवर लेझर मारला. उडालेल्या वाफेत ६० अणूंचा कार्बनचा गट इतरांपेक्षा फार ठळक दिसला. बंद गोळा, १२ पंचकोन, २० षटकोन. त्याबद्दल तिघांना १९९६ चं नोबेल मिळालं. पण लेझरने मिळणारा माल नावापुरता. १९९० मध्ये क्रॅट्शमर आणि हफमन यांनी हेलियममध्ये ग्रॅफाइटच्या कांड्या विजेने तापवून काजळी जमवली, ती द्रावकात घोळली, आणि हा पदार्थ बाटलीत भरण्याइतका मिळू लागला. आज जगात फुलरीनचं जे काही रसायनशास्त्र आहे, ते त्या काजळीपासून सुरू झालं.

काजळी म्हटल्यावर सायकलवाल्याचा पोरगा लगेच उठला. "सर, आमच्या घरी चिमणी हाय. काचेवरची काजळी आणू काय?" आण म्हटलं, पण ती बहुतेक सगळी वेडीवाकडी, बिनआकाराची. गोळे हवे असतील तर हेलियम, कमी दाब आणि ठिणगी. यातलं आपल्या प्रयोगशाळेत फक्त ठिणगी आहे, तीही लाईन असेल तर.

शुद्ध सी-६० (हाच ६० कार्बनांचा गोळा) टोल्यूइन नावाच्या द्रावकात विरघळवला की सुंदर जांभळा रंग येतो, हे सांगितलं. अकरावीवाल्याने वहीत जांभळा गोळा काढून त्याला किरणंही काढली. किरणं खोडायला लावली. रंग असणं वेगळं, उजेड टाकणं वेगळं, आणि आपला सगळा प्रकल्प या फरकावर उभा आहे.

२७ सप्टेंबर

सी-६० का उजळत नाही, यावर आख्खा तास गेला. जावा असाच विषय आहे.

रेणूने प्रकाश गिळला की इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो. तिथून खाली येताना त्याने प्रकाश परत टाकला तर त्याला फ्लुओरेसन्स म्हणायचं. सी-६० इतका सममित आहे की खाली यायची ती सरळ वाट त्याच्यासाठी जवळजवळ बंद असते. तो वरच अडकतो, आणि साधारण एका नॅनोसेकंदात त्रिक अवस्था नावाच्या दुसऱ्या पातळीवर सरकतो. तिथून ऊर्जा आजूबाजूच्या ऑक्सिजनला जाते, नाहीतर उष्णता होऊन संपते. गिळलेल्या दर दहा हजार फोटॉनांमागे जेमतेम दोन-तीन फोटॉन प्रकाश म्हणून परत येतात, तेही लाल टोकाला, डोळ्याला न दिसण्यासारखे.

हिशोबवाली पहिल्यांदा बोलली. "सर, मंग एवढा सुंदर गोळा कायले घेतला आपण? उजेड देते असा दुसरा घ्यायचा होता." तिला म्हटलं, तुझा प्रश्न फलकावर जाईल. उत्तर मात्र आज दिलं नाही.

१ ऑक्टोबर

नोटा तपासायची जांभळी टॉर्च आणली, ३९५ नॅनोमीटरची. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना खताच्या पोत्यांचे पडदे लावले.

स्पिरिटमध्ये हळद: पिवळट हिरवा झगझगीत उजेड. बी-कॉम्प्लेक्सची गोळी पाण्यात: तसाच, थोडा जास्त हिरवा. कडुनिंबाचा पाला स्पिरिटमध्ये वाटून गाळला तर अर्क दिसायला हिरवा आणि टॉर्चखाली रक्तासारखा लाल. पोरं ओरडलीच. बाजूच्या वर्गातून इंग्रजीच्या मॅडम पाहायला आल्या, आणि त्यांच्या पांढऱ्या ओढणीने निळा उजेड टाकल्यावर आमचा पाला मागे पडला. कपडे धुण्याच्या पावडरीत शुभ्रता दाखवणारी द्रव्यं घालतात, तीच ही निळाई. छापायचा पांढरा कागदही निळा दिसतो. शेतातून आणलेला सरकीसकट कच्चा कापूस मात्र जवळजवळ काळाच. हे नोंदवून ठेवतोय, कारण पुढे मॉडेलला धागा लागणार आहे आणि तो धुतलेला नको.

एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली. हायलायटरची रिफिल पिळून निघालेली घट्ट शाई टॉर्चखाली मळकट दिसली. तिचाच एक थेंब ग्लासभर पाण्यात टाकला की पाणी पेटल्यासारखं उजळतं. रेणू एकमेकांना खेटून असले की एकाची ऊर्जा दुसरा घेतो आणि बाहेर काहीच पडत नाही. घन पदार्थात उजेड मिळवायचा तर रेणूंना एकमेकांपासून लांब ठेवायची सोय लागते. हे आज समजून घ्या, पुढच्या महिन्यात कामी येईल, असं सांगितलं.

५ ऑक्टोबर

मॉडेलसाठी सामान: आगपेटीच्या काड्या, गुल काढून. सायकलची व्हॉल्वट्यूब. बाभळीचे काटे. ही पद्धत अरविंद गुप्तांनी देशभर पोचवली. आमच्या पिढीचे बरेच विज्ञान शिक्षक तिच्यावर मोठे झाले.

सी-६० मध्ये प्रत्येक कार्बनला तीन शेजारी. म्हणजे ६० तिहेरी जोड आणि ९० काड्या. जोड असा करायचा: ट्यूबचा दीड सेंटिमीटरचा तुकडा, दोन टोकांत दोन काड्या, मधोमध काट्याने भोक, आणि तिसऱ्या काडीचं टोक तासून त्या भोकात खुपसायचं. सायकलवाल्याचा पोरगा हे बोलता बोलता करतो. अकरावीवाल्याच्या बोटाला काटा गेल्यावर साहेबकी थोडी उतरली.

१४ ऑक्टोबर

दसरा झाला. सोयाबीन काढणीमुळे अर्धा वर्ग शेतात. गोळा अर्ध्यावर.

१८ ऑक्टोबर

गोळा पूर्ण. पहिला पंचकोन टेबलावर ठेवून त्याच्या पाच कोपऱ्यांतून बाहेर पाच काड्या, असं वर वर विणत गेलो तर शेवटचा पंचकोन बरोबर त्याच्या समोर येऊन मिटतो. हातात घेऊन दाबला की दबतो आणि परत येतो. मुख्याध्यापक म्हणाले, "याच्यात लाईट लावा ना एक." नाही म्हटलं. ते गेल्यावर पोरांना कारण सांगितलं: आत बल्ब लावला तर पाहणाऱ्याला वाटेल गोळाच उजळतो, आणि आपण तर उलट सांगणार आहोत.

२२ ऑक्टोबर

मुख्य दिवस. जपानचं काम सांगितलं.

टोकियो विद्यापीठात एइची नाकामुरा यांच्या गटाने १९९६ मध्ये एक अभिक्रिया दाखवली. मॅग्नेशियम आणि तांब्याच्या मदतीने सी-६० वर बेंझिनच्या (सहा कार्बनांच्या) कड्यासारखे पाच गट, आपल्या भाषेत पाच हात, एकदम बसतात, तेही ठरलेल्या जागी. एका पंचकोनाला लागून जे पाच कार्बन आहेत, बरोबर त्या पाचांवर. सहावा कुठेही भरकटत नाही. अशी शिस्त सी-६० च्या रसायनशास्त्रात दुर्मीळ, कारण ६० सारख्याच जागा असलेल्या गोळ्यावर एरवी कोण कुठे बसेल याचा नेम नसतो.

मग मॉडेलवर मोजणी. वरचा पंचकोन: ५ कार्बन. त्याच्या भोवतीचे पाच, ज्यांच्यावर हात बसले: ५. हात बसलेल्या कार्बनला आता तीनऐवजी चार शेजारी, त्यामुळे गोळ्यावर मोकळे फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या (त्यांना पाय, म्हणजे π, इलेक्ट्रॉन म्हणतात) व्यवहारातून तो बाद. आणि त्याच्या पलीकडे एकटा पडलेला पंचकोनही उरलेल्या गोळ्यापासून तुटला. म्हणजे वर १० गेले. हेच खालच्या टोकाला केलं तर आणखी १०.

हिशोबवालीने लाल सुतळीने वरचे दहा आणि खालचे दहा जोड गुंडाळले आणि मधले मोजले. ४०. मधले षटकोन मोजले. १०. गोळ्याच्या पोटाभोवती दहा षटकोनांचा अखंड पट्टा. तो कागदावर काढून दाखवणं मला कधी नीट जमलं नव्हतं. सुतळी बांधल्यावर तो आपोआप उभा राहिला. वरून पाहा, खालून पाहा, लाल सोडून उरलं ते कमरेचं कडं.

नाकामुरांच्या गटाने २००३ मध्ये हेच केलं. एका टोकाला पाच हात, ते टोक बंद करून मग दुसऱ्या टोकाला पाच. मध्ये उरलेल्या कड्याला रसायनशास्त्रात दहा-सायक्लोफेनासीन म्हणतात. असं कडं सुट्ट्या तुकड्यांपासून जोडत बांधणं फार अवघड. त्यांनी गोळा घेतला आणि दोन्ही बाजूंनी नको ते बाद केलं. आणि हे कडं पिवळ्या भागात उजळतं, मूळ सी-६० च्या कितीतरी पट जास्त.

तेव्हा हिशोबवालीला तिचं उत्तर दिलं. गोळा यासाठी घेतला की त्याच्या आत उजळणारं कडं आधीपासून होतं. बाकीच्या २० कार्बनांशी हातमिळवणी असल्यामुळे ते उजळत नव्हतं. गोळ्याची ती पूर्ण सममिती मोडली, इलेक्ट्रॉनांचा वावर ६० वरून ४० वर आला, आणि प्रकाशाची वाट उघडली. ती म्हणाली, "म्हणजे वरतून काही लावून नाही, कमी करून." हात तर लावलेच की, असं अकरावीवाला म्हणाला. दोघांचंही बरोबर. दोघांची वाक्यं फलकावर एकाखाली एक जातील.

२६ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधी पोलरॉइड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या पट्ट्या, मिळवायचे होते. दारव्ह्यात मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेलो. फुटलेल्या डिस्प्लेला ते 'फोल्डर' म्हणतात. टोपलीभर पडले होते. त्याने जुन्या बटणाच्या फोनचे आणि एका लॅपटॉपचा मोठा पडदा काढून दिला. पैसे घेतले नाहीत, पण "काय करता जी याचं?" म्हणून सगळं समजून घेतलं. गरम हवेने पडद्यावरची पट्टी सोलायची, मागचा गोंद पेट्रोलने पुसायचा. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून एक फिरवली की आडवी-उभी झाल्यावर पार काळोख. या काळोखात जे चमकेल त्यात काहीतरी रचना आहे, असं समजायचं. (दरवेळी नाही. सेलोटेपही चमकते. पण तिच्यातही ताणलेल्या रेणूंची रचना आहेच.)

८ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. पहाटेची थंडी सुरू, कापसाची पहिली वेचणी चालू.

द्रवस्फटिक कसा दाखवायचा, हा प्रश्न सुट्टीत सुटला, तोही फराळाला गेलो तिथे. अध्यक्ष काकूंचा गट भांडी घासायचं लिक्विड बनवतो. परसात निळं पिंप, शेजारी एसएलईएस (फेस करणारं साबणी द्रव्य) पेस्टचा कॅन, सत्तर टक्केवाली, पांढरट, चिवट. काकू पेस्टमध्ये तांब्याने थोडं थोडं पाणी घालत लाकडी दांड्याने घोटत होत्या. मी म्हटलं, एकदम का ओतत नाही? "सर, पाणी घाईनं टाकलं का गोटे होते त्याचे. मंग बसा दिवसभर घोटत."

हे गोटे म्हणजे आमचं आख्खं प्रात्यक्षिक. सत्तर टक्क्यांवर त्या पेस्टमध्ये साबणाचे रेणू थरांवर थर रचून बसलेले असतात, म्हणून ती घट्ट असली तरी वाहते. पाणी घालत गेलं की मध्येच, साधारण साठ ते तीस टक्क्यांच्या पट्ट्यात, तेच रेणू कांड्या करून षटकोनी रचनेत बसतात आणि माल पेस्टपेक्षाही कडक होतो. पाणी घाईने टाकलं तर गोळ्याच्या बाहेर ही कडक साल धरते आणि आत पाणी शिरत नाही. तिसाच्या खाली गेलं की सगळी रचना मोडते आणि साधं पातळ द्रावण उरतं. काकूंना नावं माहीत नाहीत, पण टप्पे सगळे हाताला माहीत आहेत. दांडा कधी जड होतो आणि कधी सुटतो, हे त्या डोळे मिटून सांगतात.

पेस्ट, गोट्याचा तुकडा आणि तयार लिक्विड अशा तीन बाटल्या घेऊन आलो. काकूंनी वर लिंबाचा वास घातलेली एक बाटली घरासाठी दिली.

११ नोव्हेंबर

दोन काचपट्ट्यांमध्ये चिमूटभर पेस्ट दाबली, आडव्या-उभ्या पोलरॉइडमध्ये धरली, मागे मोबाइलची टॉर्च. काळोखात पेस्ट उजळली, कडेला रंगांच्या रेघा, काच सरकवली की रेघाही सरकतात. गोट्याचा तुकडाही उजळला, जरा गढूळ. तयार लिक्विडची काच ठेवली, काळोख तसाच. पोरं आळीपाळीने पाहत राहिली. काकूंच्या मुलीने आईला दाखवायला फोटो काढला, तो गटाच्या व्हॉट्सअॅपवर गेला आणि संध्याकाळपर्यंत मला अर्ध्या गावाने साबणात काय सापडलं म्हणून विचारलं.

फलकावर एक फरक स्पष्ट लिहायचा. साबणात रचना पाण्याच्या प्रमाणाने बदलते, आपल्या फुलरीनच्या पदार्थात ती तापमानाने बदलते. तापमानवाल्याचा पहिला नमुना ऑस्ट्रियाच्या रायनिट्झर यांना १८८८ मध्ये दिसला. कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ १४५.५ अंशांना वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना स्वच्छ. मधली ती गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक. दाखवायला कपाळावर लावायची ताप मोजायची रंगीत पट्टी ऑनलाइन मागवली, तिच्यात त्याच जातीचे द्रवस्फटिक असतात.

१४ नोव्हेंबर

आजची नोंद माझ्या आवडीची. द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखे लांबट असले पाहिजेत, असं जगभर धरून चालले होते. १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश यांनी चकतीच्या आकाराचे रेणूही द्रवस्फटिक होतात हे दाखवलं. मध्ये बेंझिनचं कडं, बाहेर सहा लांब शेपट्या. चकत्या एकावर एक बसून खांब होतात आणि खांब शेजारी शेजारी उभे राहतात. हे चंद्रशेखर सी. व्ही. रामन यांचे भाचे, आणि एम.एस्सी. केली ती नागपूर विद्यापीठातून, १९५१ मध्ये, पहिल्या क्रमांकाने. पोरांना बंगळुरू लांब वाटतं, नागपूर नाही. तिथे दर महिन्याला कोणाचा तरी पेशंट असतो.

सूत्र तेच राहतं: मध्ये कडक गाभा, बाहेर मऊ शेपट्या. गाभा रांगेत बसायला पाहतो, शेपट्या वळवळून वितळायला पाहतात. दोघांच्या ओढाताणीत द्रवही नाही आणि घनही नाही अशी अवस्था टिकते. नुसत्या सी-६० ला शेपट्याच नाहीत, म्हणून तो थेट स्फटिक होतो, आणि तापवला तर वाफ होऊन उडतो.

१६ नोव्हेंबर

सकाळी बराच वेळ फलकावर. आता दोन धागे जोडायचे.

नाकामुरांच्या गटाने २००२ मध्ये पाच हातांच्या गोळ्याला लांब शेपट्या लावल्या. आकार बॅडमिंटनच्या शटलसारखा, आणि ते स्वतःही त्याला शटलकॉकच म्हणतात. एकाचं बूड दुसऱ्याच्या पिसांच्या पोकळीत बसतं, असे खांब होतात, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. हा द्रवस्फटिक झाला. २००९ मध्ये ली, मात्सुओ आणि नाकामुरा यांनी दहा हातांवर शेपट्या लावल्या. दोन्ही बाजूंना फाकलेला, मध्ये आवळलेला रेणू. पेपरात त्याला बो-टाय म्हटलंय. आमच्या पोरांनी टाय फक्त फोटोत पाहिलाय, त्यांनी एका सुरात सांगितलं, डमरू. तोच शब्द फलकावर घेतला.

आणि इथे मला या विषयातली खरी गंमत दिसते. गोळ्याचे इलेक्ट्रॉन कड्यात कोंडून त्याला उजळवतात ते दहा हात. शेपट्या धरून त्याला वाहतं करतात ते दहा हात. आणि हायलायटरच्या घट्ट शाईसारखी खेटाखेट होऊ नये म्हणून कड्यांना एकमेकांपासून अंतरावर ठेवायलाही तेच हात मध्ये येतात. एरवी असा पदार्थ करायचा तर उजळणारा रेणू एक घ्यायचा आणि द्रवस्फटिकाचा दुसरा, आणि दोघांना कसंबसं जोडायचं. इथे जोडाजोड नाही. पोरांना विचारलं, हात नऊच बसले तर? हिशोबवाली म्हणाली, "कडं पूर्ण नाही होणार सर, एका जागून इलेक्ट्रॉन बाहेर पळतीन." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

१९ नोव्हेंबर

उद्या विधानसभेचं मतदान. ड्युटीवर निघालो. किल्ली सायकलवाल्याच्या पोराकडे.

२५ नोव्हेंबर

डमरू तयार. परतलो तेव्हा पोरांनी केलेलं काम पाहून घेतलं: दहा जागी बांबूच्या कामट्या, त्यांच्या टोकांना कच्च्या कापसाच्या हाताने वळलेल्या वाती. सुतळी काढून लाल रंग दिलाय. वाती न धुतलेल्या, म्हणजे टॉर्चखाली काळ्या राहतात. म्हणजे माझी नोंद वाचली गेली.

मुख्याध्यापकांच्या लाईटचा प्रश्नही सुटला. कड्याच्या काड्यांवर वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी गुंडाळून तिला पातळ केलेली हायलायटरची शाई लावली. वर्तमानपत्राचाच कागद, कारण तो निळा दिसत नाही. पोत्याच्या पडद्याआड जांभळी टॉर्च मारली की पूर्ण मॉडेल अंधारात आणि फक्त कमरेचं कडं पिवळं-हिरवं उजळतं. मुख्याध्यापक वाकून पाहत राहिले. "आता चालते," म्हणाले.

खाली पाटी: 'येथे फुलरीन नाही. कड्यावरचा रंग हायलायटरचा आहे. खऱ्या रेणूत कोणता भाग उजळतो ते दाखवले आहे.' अकरावीवाल्याला ही पाटी नको होती, परीक्षक मार्क कापतील म्हणून. पाटी राहिली.

४ डिसेंबर

रंगीत तालीम. सगळ्यांत अडला तो 'उपयोग काय' हा प्रश्न. फलकावर असं घातलं: घड्याळातल्या, कॅल्क्युलेटरमधल्या द्रवस्फटिकाला स्वतःचा उजेड नाही, तो फक्त बाहेरून आलेला प्रकाश अडवतो किंवा सोडतो. पदार्थ स्वतः उजळला, वाहताही असला, आणि रेणूंची रांग आपोआप लागत असली, तर पातळ थर देता येतो, थरातले दोष गरम केल्यावर भरून निघू शकतात, आणि रांगेतल्या रेणूंचा प्रकाश आधीच एका दिशेत कंप पावणारा मिळू शकतो. 'बाजारात आले' असं कुठेही लिहायचं नाही. फुलरीनचा डमरू अजून प्रयोगशाळेतलाच माणूस आहे.

१२ डिसेंबर

प्रदर्शनी. मंडप, ध्वनिक्षेपक, चहाचे कागदी कप. आमच्या उजव्या हाताला जेसीबी, डाव्या हाताला रानडुकरं हाकलायचा सौर भोंगा, जो दर पाच मिनिटांनी वाजत होता आणि आमच्या चमूचं प्रत्येक वाक्य मधूनच तोडत होता.

गर्दी पाटीने जमवली. 'येथे फुलरीन नाही' वाचून माणसं थांबायची आणि मग काय आहे ते विचारायची. एका परीक्षकांनी टॉर्च विझवायला लावली. "आता का नाही चमकत?" काकूंची मुलगी: "सर, फ्लुओरेसन्स हाय. टॉर्च बंद झाली का काही नॅनोसेकंदात संपते. रात्रभर चमकते ते वेगळं, घड्याळाच्या काट्यावालं." त्यांनी पुढे विचारलं, हे डमरू गरम केलं तर काय होईल? ती म्हणाली आधी शेपट्या वितळतील, खांब-थर राहतील, आणखी तापवलं तर तेही मोडून साधा द्रव होईल, पण कडं कडंच राहील. ते चालता चालता थांबले आणि साबणाच्या काचा स्वतः फिरवून पाहिल्या. काकू गटातल्या दोघींना घेऊन आल्या होत्या. त्या पेस्टच्या बाटलीमागे उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गोटे कसे होतात ते सांगत होत्या, आणि लिक्विडच्या काही बाटल्या विकूनही गेल्या.

दुसरा क्रमांक. पहिला रानडुकरांच्या भोंग्याला. रास्त आहे. या भागात तुरीचं उभं पीक रातोरात झोपवतात ती डुकरं, आणि भोंगा खरंच मोठ्याने वाजत होता.

१६ डिसेंबर

पोलरॉइड दुरुस्तीवाल्याला दाखवायला नेले, त्याने आणखी एक पडदा काढून ठेवलाय. डमरू प्रयोगशाळेत छताला टांगला. टॉर्चचे सेल काढून ठेवले.

जिल्ह्यासाठी बदल: तयार लिक्विडची काच मोठी हवी, काळोख नीट दिसत नव्हता. शटलकॉकची तीन मॉडेलं करून एकात एक बसवून दाखवायची, नुसतं चित्र पुरत नाही. भोंग्याशेजारची जागा नको.

सायकलवाल्याच्या पोराला आता सी-७० करायचा आहे. त्याने विचारलं किती लागतील. सी-६० मधोमध कापून फिरवायचा आणि कमरेत १० कार्बन वाढवायचे, म्हणजे १० जोड आणि १५ काड्या जास्तीच्या, षटकोन २० चे २५, पंचकोन तेच १२. हिशोबवालीने तो आकडा तपासला, बरोबर निघाला. व्हॉल्वट्यूब संपली आहे, दुकानातून मीटरभर आणायची.